चाळीस महिने आणि एक हजार रुपये

आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचं मानधन महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये दुप्पट केलं. ज्यांनी एक महिन्यापेक्षा जास्त तुरुंग पाहिला त्यांना दरमहा वीस हजार, त्याहून कमी असेल तर दहा हजार. ही योजना २०१८ साली सुरू झाली, २०२० साली बंद पडली, २०२२ साली पुन्हा सुरू झाली. सरकार कुणाचं आहे त्यावर तिचा श्वास अवलंबून असतो, पण ते असो. योजनेमागचा विचार मला मान्य आहे. १९७५ ते ७७ या काळात संघवाले, समाजवादी, सर्वोदयी, कुणी डावे अशा हजारो माणसांना खटला न चालवता डांबून ठेवलं होतं. त्यांतल्या कुणावर गुन्हा शाबित झालेला नव्हता. राज्याने त्यांच्यावर अन्याय केला आणि राज्यच आता त्याची थोडी भरपाई करतं आहे. वीस हजारांत गेलेली वर्षं परत मिळत नाहीत, पण निदान चूक झाली हे सरकार दर महिन्याला पैसे मोजून कबूल करतं.

वाचकहो, ही बातमी लक्षात ठेवा. तिच्या शेजारी मला एका माणसाचा हिशोब मांडायचा आहे.

सुधीर ढवळे हे मूळचे नागपूरचे. 'विद्रोही' नावाचं मराठी नियतकालिक ते चालवत. कुणा भांडवलदाराचं पाठबळ नाही, सरकारी जाहिराती नाहीत, वर्गणीवर आणि उधारीवर चालणारं ते नियतकालिक. दलितांवरच्या अत्याचारांबद्दल लिहायचं, मोर्चे काढायचे, खैरलांजीसारख्या प्रकरणांत रस्त्यावर उतरायचं, हा त्यांचा उद्योग. २ जानेवारी २०११ रोजी वर्ध्याच्या एका आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतताना रेल्वे स्टेशनवर त्यांना अटक झाली. कलमं कोणती? राजद्रोह आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला आता पोरंसोरंही यूएपीए म्हणतात. मुंबईतल्या घरातून पोलिसांनी पुस्तकांचे गठ्ठे नेले. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. तोवर चाळीस महिने नागपूरच्या तुरुंगात गेले होते.

आता हा माणूस घाबरून घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो बसला नाही. त्याने नियतकालिक पुन्हा चालवलं. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, तिच्या आयोजकांत ढवळे होते. आयोजकांत निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे पाटील यांच्यासारखी माणसंही होती आणि ती आपण होऊन तसं सांगत होती. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला. ६ जून २०१८ रोजी पोलिसांनी ढवळे यांना पुन्हा उचललं. त्याच दिवशी सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांनाही. पुढे ही संख्या सोळावर गेली. आरोप माओवाद्यांशी संबंधांचा, थेट पंतप्रधानांच्या हत्येच्या कटापर्यंत नेलेला. जानेवारी २०२० मध्ये तपास एनआयएकडे गेला.

मुंबई उच्च न्यायालयाने ढवळे आणि विल्सन यांना जामीन दिला तो ८ जानेवारी २०२५ रोजी. तळोजा तुरुंगातून ते बाहेर आले २४ जानेवारीला. साडेसहा वर्षांहून अधिक काळ! आणि न्यायालयाने जामीन का दिला? आरोप खरे की खोटे यात ते शिरलंच नाही. इतकी वर्षं झाली, साक्षीदार तीनशेहून अधिक आहेत आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नाही, एवढंच ते म्हणालं. तोवर आरोप निश्चितसुद्धा झालेले नव्हते. म्हणजे परीक्षेचा पेपर छापून व्हायच्या आत विद्यार्थी साडेसहा वर्षं वर्गाबाहेर अंगठे धरून उभा.

दोन्ही बेरजा मिळून जवळजवळ दहा वर्षं होतात. त्यांतली पहिली सव्वातीन न्यायालयाने 'निर्दोष' म्हणून सांगितलेली, उरलेली विना-निकाल.

मी एकतीस वर्षं तलासरी तालुक्यात मराठी आणि इतिहास शिकवला. दरवर्षी लोकमान्य टिळकांवरचे खटले शिकवायचो. तो तपशील तुमच्यापुढे ठेवतो. १८९७ साली 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाखाली टिळकांना अटक झाली, तेव्हा न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी खटल्याआधी त्यांना जामीन दिला होता. टिळकांच्या बाजूने उभे होते वकील दावर. १९०८ साली हेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते आणि त्यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. नऊ जणांची ज्यूरी, सात विरुद्ध दोन. खटला अन्यायाचाच होता, त्यात वाद नाही. पण तारखा पाहा. अटक २४ जून १९०८, निकाल २२ जुलै १९०८. एक महिनासुद्धा नाही! परक्या सरकारला टिळकांना दोषी ठरवायला अठ्ठावीस दिवस लागले. आपल्या सरकारला ढवळ्यांवर नेमका आरोप काय हे न्यायालयात निश्चित करून घ्यायला साडेसहा वर्षं पुरली नाहीत. टिळक मंडालेत जेवढे राहिले, त्याहून जास्त काळ हा संपादक शिक्षा न होताच आत राहिला.

हे इंग्रजांचं कौतुक नव्हे. इंग्रजांना निदान शिक्षा देण्यासाठी निकाल लागायचा. आज निकालाची गरजच उरलेली नाही.

कारण यूएपीएतलं कलम ४३ ड, पोटकलम ५. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये ते घातलं गेलं. पोलिसांची कागदपत्रं वाचून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, असा त्याचा अर्थ. शाळेच्या भाषेत सांगतो. एका मुलाने दुसऱ्याविरुद्ध चिठ्ठी दिली. मुख्याध्यापकांनी फक्त चिठ्ठी वाचायची, दुसऱ्याचं ऐकायचं नाही, आणि चिठ्ठी व्यवस्थित लिहिलेली असेल तर वार्षिक परीक्षेपर्यंत त्या मुलाला शाळेबाहेर काढायचं. चौकशी नंतर सावकाश. असा मुख्याध्यापक आमच्या केंद्रात असता तर पालकांनी शाळेला कुलूप ठोकलं असतं.

आणि ही चिठ्ठी तरी कशी? रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रं हा या प्रकरणाचा कणा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी तपासणी केली आणि ती पत्रं बाहेरून घुसवली गेल्याचा अहवाल दिला. एनआयएने तो मानला नाही. कोण खरं? मी संगणकातला तज्ज्ञ नाही. ज्याने ठरवायचं ते न्यायालय, आणि ठरवण्याची वेळच येऊ दिली नाही.

पुस्तकांचंही तसंच. 'वॉर अँड पीस' घरात ठेवलं म्हणून न्यायाधीशांनी जाब विचारला, अशी २०१९ साली बातमी फिरली आणि लोक टॉलस्टॉयच्या नावाने खूप हसले. ते पुस्तक टॉलस्टॉयचं नव्हतं, जंगलमहालावरचं दुसरंच होतं. आपली बाजू खरी असली तरी खोट्या विनोदावर ती उभी करू नये. खरी गोष्ट पुरेशी आहे. याच प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जुलै २०२३ मध्ये जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की, नुसतं साहित्य बाळगणं, ते हिंसेचा पुरस्कार करणारं असलं तरी, एवढ्यावरून दहशतवादी कृत्य ठरत नाही. पाच वर्षांनी म्हटलं!

फादर स्टॅन स्वामींना तेवढाही वेळ मिळाला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, कंपवाताने हात थरथरत, पेला धरता येत नाही म्हणून नळीचा पेला मिळावा यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या ८४व्या वर्षी ते आरोपी म्हणूनच वारले. माझंही वय आता सत्तरीपार आहे. सकाळी कप उचलताना मला त्या अर्जाची आठवण होते.

आता तुमच्या मनातलं वाक्य. माझ्या फिरायला येणाऱ्या मंडळींत ते रोज ऐकतो. "अहो मास्तर, काहीतरी केलं असल्याशिवाय पोलीस उगाच धरतात का?"

डहाणू-तलासरीत राहून हे वाक्य बोलायला फार मोठी विस्मरणशक्ती लागते. १९४५ साली या जंगलपट्टीत वारली माणूस जमीनदाराचा वेठबिगार होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही आयुष्यभर राबायची, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये झरीला किसान सभा भरली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या लढ्याचे पुढारी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. पुढच्या वर्षी परुळेकर पतिपत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. तेव्हाही डहाणूच्या बाजारपेठेत हेच म्हणत असणार, काहीतरी केलं असल्याशिवाय का! केलं होतंच की. फुकट राबू नका, असं सांगितलं होतं.

तो हद्दपारीचा हुकूम निघाला तेव्हा मुंबई इलाख्याचे गृहमंत्री होते मोरारजी देसाई. तेच मोरारजी जून १९७५ मध्ये आणीबाणीत विनाखटला आत गेले आणि एकोणीस महिने राहिले. विनाचौकशी डांबण्याचं हत्यार कुणाच्या घरचं नसतं. आज तुमच्या हातात, उद्या तुमच्या मानेवर. मोरारजींना याहून चांगला धडा कुणी शिकवला नसता.

शामराव परुळेकर १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. एवढं असूनही ३ ऑगस्ट १९६५ रोजी ते आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असताना वारले. खटला नाही, शिक्षा नाही. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव 'बंदिवासाची आठ वर्षे'. आणि आज तलासरीच्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. ज्या बाईला या मातीत पाय ठेवायला बंदी होती, तिच्या नावाच्या कॉलेजात आता वारल्यांची नातवंडं-पतवंडं बीए, बीकॉम होतात. माझे काही विद्यार्थी तिथूनच शिकून पुढे गेले. एकानेही मला विचारलं नाही की बाईंनी 'काहीतरी केलं' होतं का.

मी ढवळ्यांच्या मताचा नाही, हेही सांगून टाकतो. त्यांच्या लिखाणातला सूर मला कडू वाटतो, क्रांतीची भाषा माझ्या पचनी पडत नाही आणि बंदूक हातात घेणाऱ्या माणसाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. गडचिरोलीत मारल्या गेलेल्या पोलीस शिपायांची पोरं मला तितकीच आपली वाटतात. म्हणूनच तर खटला हवा. ढवळे दोषी असतील तर पुरावा दाखवा, शिक्षा करा, मी टाळ्या वाजवीन. नसतील तर सोडा. दहा वर्षांत यांतलं काहीच करायचं नाही आणि वर लोकांना 'शहरी नक्षल' हा शब्द वाटून टाकायचा, याला काय न्याय म्हणायचं?

बरं, कोरेगाव भीमाला ज्यांना दगड लागले, ज्यांच्या गाड्या जळल्या, ज्या घरातलं तरुण पोर गेलं, त्यांना तरी काय मिळालं? न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमला. मुदत चार महिने. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत २०२५ उजाडलं. त्याच हिंसाचाराबद्दलच्या दुसऱ्या गुन्ह्यात मिलिंद एकबोटे यांना मार्च २०१८ मध्ये अटक झाली आणि एप्रिलमध्ये जामीन मिळाला. मिळायलाच हवा होता, गुन्हा शाबित होईपर्यंत तो त्यांचा हक्क. पण एकाच दंगलीच्या दोन टोकांना एकाला महिनाभर आणि दुसऱ्याला साडेसहा वर्षं, हा फरक हिंसेचा नाही. तो लावलेल्या कलमाचा आहे, आणि कलम कुणाला कोणतं लावायचं हे सरकार ठरवतं.

मानधन दुप्पट केल्यावर महिनाभरातच, १० जुलै २०२५ रोजी, याच सरकारने विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर करून घेतलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत. कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा 'तत्सम' संघटनांना बेकायदा ठरवण्याचा अधिकार, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे, सात वर्षांपर्यंत कैद. विधेयकावर लोकांच्या बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. मला त्यातल्या 'तत्सम' या शब्दाची भीती वाटते. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. 'तत्सम' म्हणजे व्याकरणात संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याला तरी काही नियम असतो. इथे नियम नाही. साहेबांना जे तसं वाटेल ते तत्सम.

विधानसभेत त्या दिवशी मोठमोठ्या विरोधी पक्षांचे सदस्य बसलेले होते. आवाजी मतदानात उघड विरोध करणारे एकटे आमदार आपल्या डहाणूचे निघाले, विनोद निकोले. मी त्यांच्या पक्षाचा नाही, मत कुणाला दिलं ते सांगणारही नाही. पण त्या संध्याकाळी डहाणूकर असल्याचं मला बरं वाटलं. ज्या तालुक्याने हद्दपारी पाहिली त्या तालुक्याच्या आमदाराला तो शब्द अडला, यात नवल नाही.

आता पुन्हा पैशाकडे येतो, कारण सरकारला पैशाची भाषा कळते. जो माणूस निर्दोष सुटतो त्याला आपला कायदा काय देतो? विनाकारण अटक करवल्याबद्दल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ मध्ये भरपाईची सोय होती. जास्तीत जास्त एक हजार रुपये, तेही ज्याने अटक घडवून आणली त्याच्या खिशातून. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला आणि खोट्या खटल्यांत भरडलेल्यांसाठी कायद्यात खास तरतूद करा, भरपाई सरकारने द्या, असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. गुलामीच्या खुणा पुसल्याचा केवढा गाजावाजा! त्यात कलमाचा आकडा बदलून ३९९ झाला. रक्कम तीच, एक हजार. ढवळ्यांच्या बाबतीत तीही लागू होईल असं नाही, कारण ती सोय किरकोळ तक्रारींसाठी आहे आणि त्यांना पकडवणारं तर सरकारच.

म्हणजे १९७५ साली विनाखटला पाच आठवडे आत राहिलेल्याला आज दरमहा वीस हजार, हयातभर. २०११ ते २०१४ चाळीस महिने आत राहून न्यायालयातून निर्दोष सुटलेल्याला शून्य. का? आणीबाणीतला तुरुंग दुसऱ्या पक्षाने भरला होता म्हणून? ढवळ्यांना पहिल्यांदा पकडलं तेव्हा राज्यात आणि दिल्लीत काँग्रेसचं सरकार होतं, दुसऱ्यांदा भाजपचं. म्हणजे या बाबतीत दोघांचं एकमत आहे. बाकी कशावर नसतं.

आमदारांना मी पत्र लिहायला घेतलं आहे. पुढच्या अधिवेशनात त्यांनी तारांकित प्रश्न टाकावा एवढीच विनंती. प्रश्नाचा मसुदाही करून देतो, सवय आहे: १ जानेवारी २०११ पासून महाराष्ट्रात यूएपीएखाली अटक झालेल्यांपैकी किती जण निर्दोष सुटले, सुटण्याआधी प्रत्येकाने किती महिने तुरुंगात काढले, त्यांच्यापैकी किती जणांना शासनाने भरपाई दिली व किती, दिली नसल्यास आणीबाणीतील बंदींना मानधन देण्याचं धोरण त्यांना लागू करण्याचा शासनाचा विचार आहे काय, नसल्यास त्याची कारणे काय.